शिडाने फुकट दिलेल्या दोन गोष्टी

रेवदंड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो:

«मी ६३ वर्षांचा, पत्नी ६०. आमची ३१ फुटी शिडाची बोट १९ वर्षं आम्ही दोघांनीच चालवली. गोव्याच्या अकरा फेऱ्या झाल्या. गेल्या हंगामात हर्णैच्या पुढे दुपारच्या वाऱ्यात शीड आखडताना हिचा खांदा निखळता निखळता राहिला. तेव्हापासून दोराला हात लावणार नाही म्हणते, पण समुद्र तिलाही सोडायचा नाही. म्हणून मशीनची बोट घ्यायचं ठरवलं आहे. डोळ्यांपुढे तीन आहेत. एक, मुंबईतली जुनी ४० फुटी मोटरयॉट: ३००-३०० हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं, केबिनच्या डोक्यावर दुसरं सुकाणू, विकणारा २४ नॉट (तासाला २४ सागरी मैल) सांगतो. दुसरी हर्णैकडची ४५ फुटी फायबरची मासेमारी बोट, मालक धंदा बंद करतोय. तिसरी म्हणजे गोव्यातल्या एका यार्डात ३८ फुटी, सावकाश चालणारी, एका इंजिनाची बोट नवी बांधून घेणं. तिला दीड-दोन वर्षं लागतील. जायचंय कारवार, कोची आणि जमलं तर एकदा लक्षद्वीप. कोणती घ्यावी? एका इंजिनावर भरवसा ठेवावा का? आणि खरं सांगू, शीड उतरवणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं.»

खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात: «मला वाकून न चालता उभ्याने स्वयंपाक करता यावा आणि रात्री नांगरावर झोप लागावी. बाकी इंजिनाचं यांचं यांना सांगा.»

हार मानण्याचं आधी मिटवू. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराब म्हणजे शिडाचं, तोफांचं जहाज. पण वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला दोर लावून ओढत न्यायची. नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर तेव्हाही कुणी लढाईला निघत नसे. तुमच्या अकरा फेऱ्यांत परतीच्या वाटेवर इंजिन किती तास चाललं, ते एकदा लॉगबुकात बघा. मी बघितलं तेव्हा निम्म्याहून जास्त तास निघाले, आणि तोवर मी चारचौघांत स्वतःला शिडाचा माणूस म्हणवून घेत होतो.

तुम्ही इंजिनाचं विचारलंत, वहिनींनी झोपेचं. मी वहिनींच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बोट त्यावरच ठरणार आहे.

शिडाने तुम्हाला १९ वर्षं दोन गोष्टी फुकट दिल्या. पहिली म्हणजे, शीड भरलं की बोट एका अंगावर कलते खरी, पण कललेलीच राहते. वारा तिला धरून ठेवतो. दुसरी म्हणजे, इंजिन बंद पडलं तरी घरी पोचायचं साधन डोक्यावर तयार असतं. मशीनच्या बोटीत यातलं काहीच आपोआप येत नाही. दोन्ही पैसे मोजून बसवावं लागतं, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात यातलं एकही ठळक अक्षरांत नसतं. तिथे वेग असतो आणि सोफ्याचं कापड असतं.

शिवाय आपल्या किनाऱ्याची एक खोड आहे. तो जवळजवळ उत्तर-दक्षिण पसरलेला, आणि लाट येते नैऋत्येकडून नाहीतर पश्चिमेकडून. मांडव्याहून पणजीला जा की पणजीहून मांडव्याला या, लाट बहुतेक वेळ बरगडीतच बसते. वारा अजिबात नसला तरी कुठून तरी लांबून आलेली मोठी लाट चालूच असते. तुमच्या बोटीवर मोठं शीड आणि खाली वजनदार कील (बुडाखालचा लांब कणा) असल्यामुळे तिचं तुम्हाला फारसं काही वाटलं नसेल. शीड नसलेली बोट त्या लाटेत लोळते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शीड सोडलं तेव्हा मीही पहिली बोट चुकीचीच घेतली होती: ३६ फुटी, वेगवान, दिसायला देखणी. विकणाऱ्याने ती मुंबई बंदरात सकाळच्या सपाट पाण्यावर फिरवून दाखवली आणि मी भाळलो. पहिल्याच डिसेंबरात मालवणहून रत्नागिरीला परत निघालो. वेग आहे म्हणून निवांत जेवून निघालो, ही पहिली चूक. देवगड मागे पडलं तोवर वायव्येचा वारा पुरता उठला होता. २० नॉटला नाळ (बोटीचं पुढचं टोक) अशी आपटायची की ताटल्या कपाटातून बाहेर. वेग नऊवर आणला. नऊ नॉट हा त्या बोटीला धड ना इकडचा ना तिकडचा वेग: नाळ आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला आणि डिझेल ओतल्यासारखं जातंय. आणखी सावकाश केली तर लोळायला लागली. माझ्या बायकोला आयुष्यात कधी बोट लागली नव्हती, त्या दिवशी लागली. कशीबशी विजयदुर्गात घातली, टेम्पोने ड्रम आणून डिझेल भरलं. दुसऱ्या दिवशी पूर्णगडासमोर एक इंजिन बंद पडलं, दहा मिनिटांनी दुसरं. का, ते पुढे येईलच.

तेव्हा तुमची पहिली बोट. तिचा हिशेब साधा आहे. ढोबळ मानाने डिझेल इंजिन एक हॉर्सपॉवर तासभर द्यायला लिटरचा पाचवा हिस्सा खातं. ४० फुटी बोट पाण्यावर उचलून २० नॉटने पळवायला साडेचारशे हॉर्सपॉवर सहज लागतात, म्हणजे तासाला ९० लिटर, सागरी मैलाला साडेचार. रेवदंड्याहून पणजी साधारण १९० मैल. साडेआठशे लिटर झाले. कोची साडेपाचशे मैलांच्या आसपास, तिथे अडीच हजार लिटर. अशा बोटींच्या टाक्या बऱ्याचदा हजाराच्या आत-बाहेर असतात, म्हणजे मध्ये दोन-तीनदा तरी भरायला हवं. कोकणात ते कुठे भरणार? मच्छीमार सोसायटीचे पंप आहेत, पण मच्छीमारांना डिझेलवर मिळणारा कराचा परतावा तुम्हाला नाही, आणि ऐन हंगामात ट्रॉलरच्या रांगेत यॉट घेऊन उभं राहिलात तर काय ऐकावं लागेल ते मी इथे छापू शकत नाही. मग उरतो टेम्पो आणि ड्रम.

आता सावकाश चालणाऱ्या हलचं, म्हणजे बोटीच्या मूळ सांगाड्याचं बघा. त्याची मर्यादा पाण्यालगतच्या लांबीवर ठरते: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. ३६ फुटांना आठ नॉट. तुमच्या शिडाच्या बोटीलाही हेच गणित होतं, त्यामुळे नवं काही नाही. दहा-बारा टनांची अशी बोट साडेसहा नॉटने चालवायला २५-३० हॉर्सपॉवर पुरतात. मैलाला जेमतेम एक लिटर. कोचीला साडेपाचशे लिटर, आणि हजाराची टाकी असेल तर वाटेत पंपाचं तोंड बघायला नको. तोच हल आठ नॉटला ढकलायला गेलात की खर्च दुपटीच्याही वर जातो, म्हणून तो मोह टाळायचा.

मोटरयॉट सावकाश चालवू, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण चपट्या बुडाचा तो हल सात नॉटला सरळ चालत नाही, सतत सुकाणू मारावं लागतं, आणि ३०० हॉर्सपॉवरची इंजिनं दिवसचे दिवस रांगवली की आत काजळी धरतात. दुसरं म्हणजे अशा बोटीला ओझं सोसत नाही. शिडाची माणसं बोटीत काय काय भरून ठेवतात, हे मला माहीत आहे. तीन नांगर, पन्नास मीटर साखळी, तांदळाचं पोतं, वहिनींचा प्रेशर कुकर आणि अडीचशे लिटर पाणी भरलं की २४ नॉटचे १७ होतात.

त्या बोटीवर अन्याय नको. शनिवारी पहाटे निघून दुपारच्या वाऱ्याआधी मुरुड किंवा हरिहरेश्वर गाठायचं, रविवारी घरी यायचं, नातवंडं बरोबर, एवढंच असतं तर मी तीच घ्या म्हटलं असतं. तुम्हाला कोची दिसतंय.

हर्णैच्या बोटीकडे माझं मन ओढलं जातं, हे कबूल करतो. भक्कम हल, लांब कील, आणि सोमवारी बिघडलं तर मंगळवारी दुरुस्त करून देणारी माणसं किनाऱ्यावर सगळीकडे. पण तिच्या घडणीतली एक गोष्ट खरेदीच्या उत्साहात विसरली जाते. बर्फ, मासळी आणि जाळी यांचं काही टनांचं ओझं पोटात आहे असं धरून तो हल बांधलेला असतो. तो खण रिकामा करून तिथे गादी आणि फ्रिज टाकलात की बोट पाण्यावर उंच तरंगते आणि लाटेत झटके देत डोलते. रिकामी बोट बंदरात परत येताना बघा, वरचा खलाशी कशाला तरी धरूनच उभा असतो. बरं, मग खण खाली राहू दे, राहायची केबिन वर बांधू, त्यावर सोलर, त्यावर छत, असं करत गेलात तर बोट उलट्या दिशेने बिघडते. झटके थांबतात, हेलकावे लांब आणि मऊ होतात, बसणाऱ्याला बरं वाटतं. खरी भीती तिथे आहे. वर वजन चढलेली बोट कलल्यावर परत यायला आळस करते.

रेवदंड्याच्या माणसाला ‘रामदास’ची गोष्ट मी सांगायला नको. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली आगबोट काश्याच्या खडकाजवळ पावसाळी समुद्रात कलली, घाबरलेली माणसं एका अंगाला धावली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. ४५ फुटी घरगुती बोटीवर एवढी माणसं नसतात. पण वजन सरकलं की काय होतं, ते तिथे आणि इथे सारखंच.

तपासायची एक सोपी रीत आहे. बोट शांत पाण्यात, दोर सैल, टाक्या भरलेल्या नाहीतर रिकाम्या (अर्धवट नकोत, आतलं पाणी हिंदकळून हिशेब चुकवतं). दोन-तीन जणांनी काठावर तालात दाब देऊन तिला डोलवायचं आणि हात काढून घ्यायचा. एका अंगावरून दुसऱ्या अंगाला जाऊन परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दहा डोल मोजून दहाने भागलं तर बरं. ते सेकंद बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी भरले, तर पहिली परीक्षा पास. रुंदी चार मीटर आणि डोल साडेपाच-सहा सेकंदांचा असेल तर वर एक खिळासुद्धा ठोकू नका. अडीच सेकंदांचा असेल तर बुडवणार नाही, पण झोपूही देणार नाही. खाली नीट मोजून वजन टाकावं लागेल. ही परीक्षा फक्त सुरुवातीच्या स्थिरतेची आहे. केबिन बांधण्याआधी नौका-अभियंत्याकडून रीतसर कलवून मोजणी करून घ्या. तो खर्च वाचवलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या बोटी आता जेट्टीला बांधलेल्या छान खोल्या आहेत.

कागदपत्रांचंही बघा. मासेमारी बोटीची नोंदणी आणि परवाना वेगळा, सहलीच्या बोटीचा वेगळा. हातोडा उचलण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन काय काय लागेल ते लेखी घ्या, आणि विमा कंपनीला सर्वेक्षकाचा अहवाल कसा हवा तेही विचारा. आणि हो, मासळीचा वास फायबरमध्ये मुरलेला असतो. पहिली दोन वर्षं प्रत्येक जेट्टीवरच्या मांजरी तुमच्या ओळखीच्या होतील.

आता डोलणं थांबवायचं कसं. जगभर चार-पाच उपाय आहेत, पण आपल्याकडे त्यांना जाळ्यांच्या गाळणीतून जावं लागतं. हलच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, संगणकाने हलणारे पंख सर्वांत छान काम करतात, फक्त हर्णै ते मालवण या पट्ट्यात रात्रीच्या जाळ्यांत ते अडकणार हे नक्की. दोन बाजूंना लांब बांबूसारखे दांडे काढून त्यांवरून पाण्यात वजनदार पतंग सोडतात, परदेशी मच्छीमारांची ती जुनी युक्ती. स्वस्त आणि परिणामकारक, पण जाळ्यांचं रडगाणं तेच. जायरो म्हणजे पोटात गरगरणारं जड चाक. ते नांगरावरसुद्धा चालतं, जाळ्यात अडकायचा प्रश्न नाही, पण पूर्ण वेगात यायला अर्धा-पाऊण तास लागतो, वीज भरपूर खातं आणि किंमत ऐकून वहिनी खांद्याचं दुखणं विसरतील. मी काय करीन? हलच्या दोन्ही कुशींना, पाण्याखाली, लांब आणि बुटक्या पक्क्या पट्ट्या बसवून घेईन. जाळं त्यांवरून घसरतं, बिघडण्यासारखं त्यांत काही नाही. आणि मागच्या बाजूला एक छोटी डोलकाठी उभी करून तिच्यावर १२-१५ चौरस मीटरचं शीड. बोट ओढायला नव्हे, धरून ठेवायला. वहिनींनी त्याला हात लावायची गरज नाही, तुम्ही जेट्टीवरच चढवून निघालात तरी चालेल.

या बाबतीत आपण काही पहिले नाही. अमेरिकी नौदलातले निवृत्त कॅप्टन रॉबर्ट बीब जन्मभराचे शिडाचे माणूस. त्यांनी १९६३ मध्ये सिंगापूरला ‘पॅसेजमेकर’ नावाची ५० फुटी, एका डिझेल इंजिनाची बोट बांधून घेतली आणि ती हिंदी महासागर ओलांडून ग्रीसपर्यंत नेली, आठच्या आतल्या वेगाने. नंतर २००१-०२ मध्ये ४० फुटी ‘नॉर्डहॅवन’ने याच पद्धतीने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोन्ही बोटी बंदरात बघितल्या तर कुणी वळूनही बघणार नाही, इतक्या साध्या.

एका इंजिनाचं. माझी दोन इंजिनं पूर्णगडासमोर दहा मिनिटांच्या अंतराने का बंद पडली? ड्रममधल्या डिझेलमध्ये पाणी होतं, टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ होता, आणि लाटेने दोन्ही ढवळून वर आणलं. दोन्ही इंजिनं पीत होती एकाच टाकीतलं. समुद्रात इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी: घाण डिझेल, थंड करणारं पाणी अडणं (आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशव्या आणि जेलीफिश), आणि पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं किंवा दोर. घाण डिझेल दोन्ही इंजिनांना मिळूनच गाठतं, बाकीची दोन कारणंही दोघांना एकाच वाटेत भेटू शकतात. शिवाय दोन इंजिनांच्या बोटीत पंखे बाजूंना उघडे लोंबतात, जाळं दिसलं नाही तर एक नाहीतर दुसरा ते गोळा करणारच. एकाच इंजिनाचा पंखा कीलच्या मागे लपलेला असतो आणि खाली कीलपासून सुकाणूपर्यंत लोखंडी पट्टी असेल तर जाळं बहुधा खालून सरकून जातं. म्हणून माझं मत: एक इंजिन, पण त्याच्याशी काहीच सामाईक नसलेलं दुसरं छोटं साधन. २०-२५ हॉर्सपॉवरचं डिझेल, त्याचा पंखा वेगळा आणि मिटणारा, टाकी वेगळी, आणि ती टाकी कधीही त्याच ड्रमने भरायची नाही. चार नॉट मिळाले तरी पुरे. पहाटेच्या मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यात ते तुम्हाला कुठल्याही खाडीच्या तोंडाशी आणून सोडेल. दर महिन्याला अर्धा तास ते चालवायचं, नाहीतर गरज पडेल त्या दिवशी ते मुकं बसेल.

मुख्य इंजिन जुन्या पद्धतीचं, साध्या पंपाचं घ्या. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला किंवा मालवणातला मिस्त्री लेलँडच्या मशीनवर वाढलेला असतो. पाना, पक्कड आणि कान यांवर तो चमत्कार करतो, पण लॅपटॉप जोडल्याशिवाय न बोलणाऱ्या इंजिनापुढे तो हात जोडून निघून जाईल. फिल्टर दोन, शेजारी शेजारी, मध्ये कॉक, म्हणजे एक तुंबला की इंजिन चालू ठेवून दुसऱ्यावर जाता येतं. टाकीच्या तळाला पाणी काढायचा नळ आणि वर हात जाईल एवढं झाकण. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसता आलं पाहिजे. यार्डवाला नकाशावर जागा आहे म्हणेल, तुम्ही प्रत्यक्ष बसून बघा. त्रेसष्टाव्या वर्षी लोळत्या बोटीत उलटं लटकून इम्पेलर (थंड करणारं पाणी ढकलणारी रबरी चकती) बदलायचा नसतो.

तेव्हा तुमची तिसरी बोट, दीड-दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर. थांबवत नसेल तर हर्णैची, वर सांगितलेल्या तपासण्यांतून पास झाली तरच, आणि केबिन एका मजल्याच्या वर न चढवता. यार्डाकडून आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक, पाण्याखालची खोली चार फुटांच्या आत. शिडाच्या बोटीचं कील घेऊन तुम्ही खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट बघत किती तास घालवलेत ते आठवा. आता बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग इथे आत, लाट पोचत नाही अशा वळणापर्यंत जाता येईल, आणि वहिनींच्या झोपेचा खरा उपाय तोच आहे. मालवण किंवा रत्नागिरीच्या उघड्या नांगरावर कुठल्याही यंत्राने जी झोप लागणार नाही, ती शास्त्री नदीच्या मुखाच्या आत एका वळणावर लागेल. (वाशिष्ठीत वर चिपळूणकडे गेलात तर तिथे मगरी आहेत. पंखा मोकळा करायला चाकू घेऊन पाण्यात उडी मारायची तुमची सवय तिथे आवरा.)

दोन, लांब सरळ कील, म्हणजे पावसाळ्यात टेकू देऊन ती वाळूवर सरळ उभी राहील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण ती तारीख तुमची नाही. २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला अलिबागजवळ आदळलं, २०२१ चं तौक्ते १६-१७ मेलाच आपला किनारा घासून गेलं. मेच्या पहिल्या आठवड्यात बोट वर आणि शाकारलेली हवी. परत पाण्यात उतरवताना नारळी पौर्णिमेची घाई करू नका. फयान वादळ आलं होतं ते २००९ च्या नोव्हेंबरात. टाकी पावसाळ्यात गच्च भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा पाणी सोडते आणि त्या पाण्यावर डिझेलमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ धरतो.

लक्षद्वीपसाठी कोचीहून निघा. कवरत्ती तिथून २२० मैलांच्या आसपास, साडेसहा नॉटला दीड दिवस. परवाना आधी काढायचा, आणि तिथे डिझेल मिळेल असं धरून जायचं नाही. एक हिस्सा जायला, एक यायला, एक हाताशी: ६६० लिटर. म्हणून हजाराची टाकी.

पैशांवर फार लिहीत नाही. बोटीची किंमत सांगितली जाते, कर, रडार, व्हीएचएफ रेडिओ, नांगर, साखळी हे नंतर सुचतं, आणि दरवर्षी किमतीच्या दहाएक टक्के देखभालीला जातात. शिडाच्या बोटीत शिडं झिजायची, इथे इंजिनाचे तास झिजतात.

यार्डाला आगाऊ रक्कम देण्याआधी एक करा. येत्या नोव्हेंबरात तुमच्याच बोटीने रेवदंड्याहून जयगडला जा, शीड आवरणाच्या आत बांधून, एकदाही न उघडता. दिघीला एक मुक्काम, दाभोळला एक. पहाटे चारला निघायचं, अकराच्या आत नांगर. रोज तासन्‌तास इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास आणि बरगडीत लाट. किती वेळा तुमचा हात शिडाच्या दोराकडे गेला ते वहिनींना मोजायला सांगा, आणि तो आकडा त्यांनीच पेन्सिलीने लिहून मला कळवावा.